लिव्हरमधली हायडॅटिड गाठ: सुई, दुर्बीण की मोठं ऑपरेशन?

प्रश्न: पत्र लिहिणाऱ्या वाचक ३३ वर्षांच्या आहेत. वेगळ्याच तक्रारीसाठी सोनोग्राफी केली, तर लिव्हरच्या उजव्या भागात ८ सेंटिमीटरची गाठ निघाली. रिपोर्टवर ‘हायडॅटिड सिस्ट, टाइप २’ असं लिहिलं आहे, म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या एका कृमीमुळे होणारी पाण्याची गाठ. पहिल्या सर्जननी पोट उघडून गाठ काढायला सांगितलं. दुसऱ्यांनी दुर्बिणीतून करू म्हटलं. तिसऱ्या ठिकाणच्या रेडिओलॉजिस्टनी कागदावर ‘सीई-३ए’ असं लिहून, सुईने पाणी काढलं आणि गोळ्या दिल्या की काम होईल, असं सांगितलं. नवऱ्याचं म्हणणं, सगळ्यात लहान छेदाचं करू. आईचं म्हणणं, एकदाची मुळापासून काढून टाक. ‘गाठ फुटली तर माणूस जागच्या जागी जातो’ असं वाचल्यापासून वाचकांना झोप लागत नाही. यंदा मूल होऊ द्यायचं ठरलं होतं, तेही अडलं आहे. घरात कुत्रा आहे आणि सासरची मंडळी सगळं खापर त्याच्यावर फोडत आहेत. वाचक विचारतात: तिघांपैकी कुणाचं ऐकू? आणि आठवडाभरात ठरवायलाच हवं का?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. सोनोग्राफीवर ‘टाइप २’ आहे आणि तिसऱ्या डॉक्टरांच्या कागदावर ‘सीई-३ए’. तुम्हाला त्यात तीन डॉक्टरांची तीन मतं दिसली. मला दाट शंका येते की घोळ आकड्यांचा आहे.

हायडॅटिड गाठींचे प्रकार सांगायच्या दोन पद्धती सध्या चालतात. एक १९८१ सालची, ट्युनिशियातल्या घारबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या चित्रांवरून ठरवलेली. तिच्यात टाइप १ ते ५ असतात. दुसरी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाची, जिच्यात आकड्याआधी ‘सीई’ (सिस्टिक एकायनोकॉकोसिस, म्हणजे या आजाराचं शास्त्रीय नाव) लागतं. आकडे दोन्हीकडे सारखे दिसतात, पण अर्थ जुळत नाहीत. घारबींचा टाइप २ म्हणजे नव्या पद्धतीतला सीई-३ए: गाठीचा आतला पापुद्रा भिंतीपासून सुटलेला आणि पाण्यात तरंगताना दिसणारा. सीई-२ म्हणजे मात्र मोठ्या गाठीच्या पोटात बारीक बारीक पिल्लू-गाठी भरलेल्या, चित्रात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं दिसणारी गाठ. घारबींच्या यादीत ती टाइप ३ मध्ये जाते.

हा फरक कागदापुरता नाही, उपचारच त्यावर ठरतात. सीई-३ए मध्ये सुईचा उपचार चांगला लागू पडतो. सीई-२ मध्ये प्रत्येक पिल्लू-गाठ वेगळी बंद असल्यामुळे एका सुईने सगळ्या रिकाम्या होत नाहीत, आणि तिथे सर्जन ऑपरेशन सुचवतात ते योग्यच असतं. तुमचा रिपोर्ट कुणी ‘सीई-२’ समजून वाचला असेल, तर त्यांचा सल्ला त्यांच्या समजुतीप्रमाणे बरोबर होता. म्हणून आधी हे करा: ज्यांनी सोनोग्राफी केली त्यांच्याकडे परत जा आणि स्पष्ट विचारा, “हा टाइप घारबींच्या पद्धतीचा की सीई पद्धतीचा? आत पिल्लू-गाठी दिसतात का, की फक्त सुटलेला पापुद्रा दिसतो?” उत्तर रिपोर्टवर लिहून घ्या. मग तोच कागद तिन्ही डॉक्टरांना दाखवा. मतांमधला निम्मा फरक तिथेच मिटण्याची शक्यता आहे.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे येते. सगळ्यात लहान छेद म्हणजे सगळ्यात सुरक्षित, असं ते गृहीत धरत आहेत. पित्ताशयाच्या किंवा अपेंडिक्सच्या बाबतीत हा हिशोब बऱ्याच अंशी चालतो. इथे धोका छेदाचा नसून गाठीतल्या पाण्याचा आहे. ही गाठ म्हणजे एका बारीक फीतकृमीची अळी-अवस्था. मोठा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा असतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतात आणि बहुतेक वेळा लिव्हरमध्ये येऊन थांबतात. तिथे वर्षानुवर्षं हळूहळू पाण्याने भरलेली पिशवी तयार होते. पिशवीच्या आतल्या पातळ थरातून कृमीची सूक्ष्म डोकी तयार होत राहतात. ते पाणी पोटात सांडलं तर दोन गोष्टी होऊ शकतात: शरीराला जोराची अॅलर्जी येऊ शकते, आणि सांडलेल्या डोक्यांपासून पोटात इतरत्र नव्या गाठी धरू शकतात.

म्हणजे सुई असो, दुर्बीण असो की पोट उघडणं असो, तिन्ही वाटांनी साधायचं एकच आहे. आतलं जिवंत ते मारायचं, पाणी बाहेर काढायचं आणि ते करताना थेंब सांडू द्यायचा नाही. तुमच्या गाठीत, तिच्या जागेवर, हे कुठल्या वाटेने सगळ्यात खात्रीने जमेल, एवढंच विचारायचं असतं. छेदाची लांबी त्यानंतर येते.

तुमची गाठ खरंच सीई-३ए असेल तर सुईच्या उपचाराबद्दल नीट समजून घ्या, कारण मला वाटतं तुमची वाट बहुधा तीच आहे. या पद्धतीला ‘पेअर’ म्हणतात. ती १९८६ साली ट्युनिशियातच सुरू झाली. त्याआधी हायडॅटिड गाठीला सुई लावायची नाही, असं वैद्यकीय पुस्तकांत ठामपणे लिहिलेलं असे. तुम्ही जे वाचून घाबरलात ते बहुधा त्याच काळातल्या भीतीतून आलेलं आहे. ती भीती खोटी नव्हती. तयारी न करता, गोळ्या न देता, साधी गाठ समजून कुणी सुई घातली तर आजही धोका आहेच. पण ठरवून, तयारीनिशी केलेल्या पेअरची गोष्ट वेगळी.

ती होते कशी? आधी अल्बेंडाझोलच्या गोळ्या सुरू करतात, सुई घालण्याच्या किमान चार तास तरी अगोदर. अनेक डॉक्टर काही दिवस आधीच सुरू करतात. भूल देणारे डॉक्टर शेजारी असतात, हाताला सलाईनची नळी लावलेली असते आणि अॅलर्जी आली तर लागणारं अॅड्रिनलिन भरून तयार ठेवलेलं असतं. रेडिओलॉजिस्ट सोनोग्राफीवर बघत बघत सुई आत नेतात, आणि मुद्दाम लिव्हरच्या निरोगी भागातून नेतात. थेट पृष्ठभागावरून गाठीत घातली तर सुईच्या कडेने पाणी पोटात झिरपू शकतं. मध्ये लिव्हरचा जाडसर भाग असला की तो सुईभोवती घट्ट बसतो. पाणी ओढलं की सिरिंजमध्ये काय येतं ते फार महत्त्वाचं असतं. स्वच्छ, नितळ, साध्या पाण्यासारखं आलं तर चांगलं. त्यातला थोडा भाग मायक्रोस्कोपखाली पाहतात, त्यात जिवंत डोकी आहेत का ते कळतं. पिवळसर आलं किंवा तपासणीत त्यात पित्त सापडलं, तर गाठीचं आणि पित्तनलिकेचं नातं जुळलेलं आहे असा अर्थ होतो. मग तिथे औषध सोडत नाहीत, कारण कृमी मारणारं ते औषध पित्तनलिकेत गेलं तर नलिकांना कायमची इजा करू शकतं. पित्त नसेल तर आत २० टक्के मिठाचं पाणी किंवा तीव्र अल्कोहोल सोडतात, दहा-पंधरा मिनिटं थांबतात आणि ते परत ओढून घेतात. गाठ १० सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर सुईऐवजी बारीक नळी ठेवून हेच काम करतात. तुमची ८ सेंटिमीटरची असल्यामुळे बहुधा नळी लागणार नाही.

म्हणून सुईचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना विचारा: पित्ताची तपासणी तिथल्या तिथे करणार का? भूलतज्ज्ञ हजर असतील का? सुई जाईल त्या वाटेवर लिव्हरचा पुरेसा भाग आहे का? अचानक ऑपरेशन करावं लागलं तर सर्जन त्याच हॉस्पिटलमध्ये आहेत का? या चारही प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली तर ती जागा मला भरवशाची वाटेल. उत्तरं टाळली गेली, तर लहान छेदाच्या मोहापायी तिथे करू नका.

तुमच्या झोपेसाठी दोन आकडे देते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सुईने केलेल्या जवळपास ६,००० उपचारांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यात अॅलर्जीच्या तीव्र झटक्याने मृत्यू दोन. अॅलर्जी आली पण उपचारांनी आटोक्यात आली, असे रुग्ण शंभरात दोनाहून कमी. दुसरा अभ्यास श्रीनगरच्या डॉ. खुरू आणि सहकाऱ्यांचा, १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला. ५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले: अर्ध्यांना गोळ्या आणि सुईने निचरा, अर्ध्यांचं ऑपरेशन. सुईच्या गटाला हॉस्पिटलमध्ये सरासरी ४.२ दिवस राहावं लागलं, ऑपरेशनच्या गटाला १२.७. गुंतागुंत सुईच्या गटात ८ जणांना झाली, ऑपरेशनच्या गटात २१ जणांना. अभ्यास लहान होता, आणि तेव्हापासून ऑपरेशनंही सुधारली आहेत. तरीही योग्य गाठीत सुईचा उपचार म्हणजे अर्धवट किंवा कच्चा उपचार, असं मानायला काही आधार नाही.

हे मी तुमच्या आईंसाठीही लिहीत आहे. ‘मुळापासून काढ’ या त्यांच्या आग्रहामागची काळजी मला कळते. गाठ अंगात राहिली तर परत वाढेल, ही भीती आहे. पण या गाठीला कॅन्सरसारखी आजूबाजूला पसरणारी मुळं नसतात. आतला जिवंत थर मेला की उरते ती रिकामी पिशवी, जी हळूहळू आकसते आणि घट्ट होत जाते. आणि हे आधीच सांगून ठेवते, कारण इथे पुष्कळ लोक घाबरतात: सुईच्या उपचारानंतर सोनोग्राफीत गाठ लगेच नाहीशी होत नाही. पुढच्या रिपोर्टावर ‘गाठ ६ सेंटिमीटर’ असं दिसलं म्हणून उपचार फसला असं समजू नका. आत काय दिसतं ते बघायचं. पाणी कमी होऊन आतला भाग भरीव, कोरडा दिसू लागला तर गाठ मरत चालली आहे. पाणी पुन्हा साचू लागलं किंवा नव्या पिल्लू-गाठी दिसल्या तर मात्र पुढचा विचार करावा लागतो. म्हणून सोनोग्राफी सुरुवातीला काही महिन्यांच्या अंतराने आणि पुढे वर्षातून एकदा, अशी काही वर्षं चालू ठेवायची. रक्ताच्या तपासणीवर फार विसंबू नका. गाठ मेल्यावरही ती पुढे वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येऊ शकते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल घरात एक गैरसमज दिसतो, की ते सुई आणि मोठं ऑपरेशन यांच्या मधलं काहीतरी आहे. बाहेरून छेद लहान असले तरी आत होतं ते ऑपरेशनच, पूर्ण भूल देऊन केलेलं. सर्जन गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या लावतात, आतलं पाणी ओढून घेतात, पापुद्रे आणि पिल्लू-गाठी काढतात, आणि कधी गाठीचा वरचा भाग कापून टाकतात, कधी गाठ वेष्टनासकट काढतात. कोइमतूरच्या डॉ. पलानीवेलू यांनी तर पाणी सांडू नये म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी खास नळी तयार केली. लिव्हरच्या पुढच्या बाजूला, पृष्ठभागाजवळ असलेल्या गाठींसाठी, विशेषतः पिल्लू-गाठींनी भरलेल्या गाठींसाठी, अनुभवी हातांत हा चांगला पर्याय आहे. मागच्या बाजूच्या किंवा खोल गाठीपर्यंत मात्र दुर्बीण नीट पोचत नाही, आणि तिथे हट्ट केला तर सांडण्याचा धोका वाढतो. पोट उघडून करायचं ऑपरेशन आजही लागतं: गाठ फार मोठी असेल, पित्तनलिकेत उघडली असेल, पिकली असेल किंवा फुटली असेल तेव्हा. मोठा छेद सुचवला म्हणजे डॉक्टर जुन्या विचारांचे, असा निष्कर्ष काढू नका.

तुमच्यासारखाच रिपोर्ट हातात घेऊन हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं सांगते. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि सीई-१ (आत नुसतं पाणी असलेली) किंवा सीई-३ए असेल, तर अनेकदा नुसत्या गोळ्यांचा कोर्स पुरतो. गाठ सीई-४ किंवा सीई-५, म्हणजे आतून भरीव झालेली किंवा भिंतीत कॅल्शियम साचलेली असेल आणि काही त्रास देत नसेल, तर तिला हात न लावता दरवर्षी सोनोग्राफी करणं हाच उपचार असतो. अशा मेलेल्या गाठीसाठी कुणी घाईने ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसरं मत जरूर घ्या.

गोळ्यांचा विषय तुमच्या बाबतीत सगळ्यात नाजूक आहे, कारण तुम्हाला मूल हवं आहे. अल्बेंडाझोल ही तीच जंताची गोळी, जी लहान मुलांना एकदा देतात. त्यामुळे घरात तिला कुणी मनावर घेत नाही. इथे ती दिवसातून दोनदा घ्यायची असते. पेअरनंतर किमान महिनाभर, आणि नुसत्या गोळ्यांवर उपचार असतील तर तीन ते सहा महिने. ती स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबतच घ्या. रिकाम्या पोटी घेतली तर अंगी फार कमी लागते, हे अनेकांना कुणी सांगतच नाही. या काळात लिव्हरच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या करत राहायच्या, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी. काहींचे केस गळतात, काहींची लिव्हरची एन्झाइम्स वाढतात. वेळेवर कळलं तर गोळी थांबवून ते सावरतं. पण गर्भावर, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, या औषधाचा धोका मानला जातो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी गरोदर नसल्याची खात्री करा, कोर्सभर गर्भनिरोधक वापरा, आणि कोर्स संपल्यावरही किमान महिनाभर थांबा. तिघांपैकी ज्या डॉक्टरांशी बोलाल त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्हाला मूल हवं आहे. पत्रावरून वाटतं की हे तुम्ही कुणाला सांगितलेलंच नाही.

मूल आधी की उपचार आधी, असं विचाराल, तर माझं मत उपचार आधी. ८ सेंटिमीटरची जिवंत गाठ घेऊन गरोदरपणात शिरलं तर मध्येच काही झाल्यावर हातात पर्याय कमी उरतात. गोळी देता येत नाही, ऑपरेशन अवघड होतं. आता काही महिने दिले तर पुढचे नऊ महिने निर्धास्त जातील. सीई-३ए असलेल्या आणि अडचण न आलेल्या गाठीत हा उशीर बहुधा वर्षाच्या आतच आटोपतो.

आठवडाभरात ठरवायची सक्ती मात्र मला दिसत नाही. ही गाठ तुमच्या अंगात बहुधा काही वर्षांपासून आहे. रिपोर्ट नीट वाचून घ्यायला, दुसरं मत घ्यायला दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील. तोवर पोटावर मार बसेल असे खेळ किंवा कामं टाळा. मात्र ताप आणि थंडी, डोळे पिवळे होणं, पोटात अचानक जोराची कळ, अंगावर एकाएकी पित्तासारख्या गांधी उठणं, धाप लागणं किंवा चक्कर येऊन कोसळणं, यांपैकी काहीही झालं तर वाट पाहू नका, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि गाठ आहे हे सांगा. पोटदुखीसाठी नव्या डॉक्टरांकडे गेलात तरी हायडॅटिडचं आधी सांगा, म्हणजे पाण्याची साधी गाठ किंवा गळू समजून कुणी सुई घालणार नाही.

आता कुत्र्याबद्दल. सासरच्यांना सांगा की गाठ एवढी व्हायला वर्षं लागतात. अंडी पोटात कधी आणि कुठून गेली हे आज कुणालाच सांगता येणार नाही. लहानपणी, दुसऱ्या कुठल्या कुत्र्यामुळे, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, काहीही असू शकतं. कुत्र्याला हा कृमी होतो तो जनावरांचे कच्चे अवयव, विशेषतः लिव्हर आणि फुप्फुसं, खाल्ल्याने. तुमच्या कुत्र्याला असं काही मिळत नसेल तर त्याच्यावर आरोप करायला फारसा आधार नाही. पशुवैद्याकडे नेऊन प्राझिक्वांटेल या जंतनाशकाची मात्रा द्या आणि पुढे ते सांगतील तशी देत राहा. कच्चे अवयव त्याला कधी देऊ नका, त्याची विष्ठा उचलल्यावर आणि त्याच्याशी खेळल्यावर साबणाने हात धुवा. त्याला घराबाहेर काढून तुमची गाठ बरी होणार नाही. घरातल्या सगळ्यांनी एकदा सोनोग्राफी करून घेतली तर उत्तम, कारण ज्या वाटेने अंडी तुमच्यापर्यंत आली तीच वाट इतरांनाही खुली होती.

आणि हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. एका ताटात जेवून नाही, नवऱ्याच्या जवळ जाऊन नाही, पुढे बाळाला अंगावर पाजूनही नाही. तुम्ही पत्रात ‘घाणेरडा आजार’ असे शब्द वापरले आहेत आणि लगेच खोडले आहेत. तो अस्वच्छ माणसांचा आजार नाही. कधीतरी एक न दिसणारं अंडं पोटात गेलं, एवढंच घडलं आहे, आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

सोमवारी आधी ज्यांनी सोनोग्राफी केली त्या रेडिओलॉजिस्टकडे जा. सोनोग्राफीची फक्त प्रिंट मागू नका, चित्रं असलेली सीडी किंवा फाइल मागा. पुढच्या डॉक्टरांना पापुद्रा तरंगतोय की पिल्लू-गाठी आहेत, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. यजमानांना बरोबर घेऊन जा, म्हणजे छेदाबद्दलचे त्यांचे प्रश्न त्यांना स्वतःच डॉक्टरांना विचारता येतील. काय उत्तर मिळालं ते मला कळवा.